सिस्टर, तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय सिस्टर,

वर्षभर मनात होतं, आज लिहूनच टाकते.

तुमच्याकडे आले तेव्हा लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही, डॉक्टर म्हणत होते आयव्हीएफ करा, आणि चर्चला ते चालत नाही एवढंच सगळे सांगायचे, का चालत नाही ते कुणीच नाही. मी चिडूनच आले होते. कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, त्यातला १७९० नंबरचा परिच्छेद पाठ होता माझा, विवेकबुद्धीचा पक्का कौल माणसानं पाळलाच पाहिजे, झालं तर मग, माझं मन हो म्हणतंय! तुम्ही वाद घातला नाहीत, पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणालात, आता १७९१ पण वाच गं. खरं काय ते शोधायची तसदीच घेतली नाही तर चुकलेल्या कौलाचा दोष आपलाच, असं आहे तिथे. मग मी न्यूमनला पुढे केलं, तो इंग्रज कॅथलिक धर्मपंडित, आधी विवेकबुद्धी आणि मग पोप म्हणणारा, तर ते वाक्य ज्यात आहे त्या १८७५ च्या पत्रातच मनाला येईल तसं वागण्यालाच विवेकबुद्धी म्हणणाऱ्यांना त्यांनी चांगलंच सुनावलंय, तेही तुम्ही दाखवलंत.

मग तीन रविवार आपण डोनुम व्हिते वाचलं, याच विषयावरचं व्हॅटिकनचं १९८७ चं शिकवणपत्र. भ्रूण जास्तीचे बनवतात, गोठवतात, टाकून देतात, हे मला आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पण मूल हा कुणाचा हक्क नाही, देणगी आहे, हे वाचलं आणि मी इतकी रडले, राग आला होता खरं तर. तुम्ही देवाची इच्छा वगैरे काही बोलला नाहीत, नुसत्या बसून राहिलात. आणि आयव्हीएफनं जन्मलेलं बाळही देवाची देणगी म्हणूनच प्रेमानं वाढवायचं, हेही त्यातच आहे म्हणून दाखवलंत, माझ्या बहिणीची मुलगी तशीच झालेली, तिच्याकडे बघताना मनात जे अडकायचं ते तेव्हा सुटलं.

शेवटी आम्ही मूल राहावं म्हणून ट्यूबचं ऑपरेशन करून घेतलं, आयव्हीएफ नाही केलं. मूल अजून नाही, दुखतं, खोटं कशाला बोलू. पण ठरवलं ते आम्ही दोघांनी, समजून.

ह्यांची मात्र एक शंका उरलीय, एकच भ्रूण बनवला आणि तोच ठेवला तर काय हरकत? रविवारी स्वतः येतायत विचारायला, डोनुम व्हितेची प्रत काढून ठेवा.