निवड झाली, पण किती वर्षांसाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपल्या भागातल्या सहा डॉक्टरांना अमेरिकेत रेसिडेन्सी (आपल्याकडच्या पीजीसारखं तिथलं प्रशिक्षण) मिळाल्याची बातमी वाचली. सहाही मुलांचं मनापासून अभिनंदन, फोटोही छान आलेत. तुमच्या वार्ताहराचं एवढंच विचारायचं राहिलं की, यातल्या किती जणांना पूर्ण रेसिडेन्सी मिळाली आणि किती जणांना एका वर्षाची प्रिलिम, म्हणजे पुढच्या जागेची हमी नसलेली?

तुम्हाला फरक बारीक वाटत असेल. २०२२ च्या मार्चमध्ये आम्हालाही वाटला होता. तिथे डॉक्टर आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीक्रमावरून जागा ठरतात, त्याला मॅच म्हणतात. सोमवारी मुलाला 'मॅच झाला नाही' असा मेल आला. मग उरलेल्या जागांसाठी ते 'सोप' नावाचं प्रकरण. जास्तीत जास्त ४५ अर्ज, आपण होऊन कुणाला फोन करायचा नाही, आणि ऑफर आलीच तर दोन तासांत हो की नाही ते सांगायचं. गुरुवारी रात्री त्याचा फोन आला, "आई, सर्जरी मिळाली, पण एकच वर्ष." मी सर्जरी तेवढं ऐकलं. ह्यांनी सकाळी पेढे आणले. एका दैनिकात (कुठल्या, ते जाऊ दे) 'कऱ्हाडचा सुपुत्र अमेरिकेत सर्जन' म्हणून फोटो आला. क्लासवाल्यांनी चौकात फ्लेक्स लावला.

प्रिलिम वाईटच, असं नाही. रेडिओलॉजी किंवा भूलशास्त्राची पुढची जागा ज्याच्या खिशात आहे, त्याला ते पहिलं वर्ष करावंच लागतं. माझ्या मुलाच्या खिशात काही नव्हतं. सर्जरीच्या अशा शेकडो जागा दरवर्षी मॅचमध्ये रिकाम्या राहतात, त्या उगाच नाही. आठवड्याला ८० तास, पेजर, रात्रपाळ्या, डिस्चार्जचे कागद. ऑपरेशनला उभं राहायची पाळी आली की आधी पूर्ण रेसिडेन्सीचे पाच वर्षांवाले. शिवाय सप्टेंबरात पुढच्या वर्षीच्या मॅचसाठी पुन्हा अर्ज, आणि थंडीत मुलाखतींसाठी सुट्टी मागायची ती त्याच लोकांकडे. फोनवर बोलता बोलता तो झोपून जायचा. मी आपली हॅलो हॅलो करत बसायची.

२०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा तोच मेल. जे-वन व्हिसावाल्याला (अशा प्रशिक्षणासाठी गेलेल्यांचा व्हिसा) काम संपल्यावर गाशा गुंडाळायला ३० दिवस मिळतात. जुलैअखेर तो घरी आला. इथे त्या वर्षाला कवडीची किंमत नाही, नीट-पीजी पहिल्यापासून. आणि गंमत बघा, त्या व्हिसासाठी आपल्याच आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, की या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे. गरज आहे म्हणे!

तो आला तेव्हा फ्लेक्स चौकातच होता. उन्हानं विटलेला, एक कोपरा फाटून लोंबणारा. भाजी आणायला तो मागच्या गल्लीनं जायचा. क्लासला फोन केला, तर म्हणाले, "काकू, राहू दे की, मुलांना प्रेरणा मिळते." नगरपालिकेत गेले, तर या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी ह्यांनीच एका पहाटे शिडी लावून उतरवला, वयाच्या ६४ व्या वर्षी. शहरभर लटकणाऱ्या या फ्लेक्सवर तुम्ही कधीतरी अग्रलेख लिहा, असं सुचवणार होते. पण कालच्या त्याच अंकात त्याच क्लासची अर्धं पान जाहिरात आहे. 'शंभर टक्के निवड' असं मोठ्या टायपात छापलंय. माझा मुलगाही त्या शंभरातच धरला असणार.

पुढच्या मार्चमध्ये बातमी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे कंसात वर्षं छापा, १, ३ की ५. जागा फार जाणार नाही.

– एक आई, कऱ्हाड

(कृपया नाव छापू नये. मुलगा तुमचाच पेपर वाचतो.)