पाकीटच हातात नाही तर नंबर दिसणार कुठं?

संपादक साहेब,

पोरगा एफवायला गेला आणि दोन महिन्यांत चहासोबत सुटी सिगारेट सुरू, विचारलं तर म्हणे ग्रुपमध्ये सगळेच ओढतात, नुसता कटिंग घेऊन उभं राहायला ऑकवर्ड होतं. आता गंमत बघा, महाराष्ट्रात सुटी विकायला २०२० पासून बंदी, व्हेपवर म्हणजे ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशभर, पण टपरीवर लायटर सुतळीला लटकलेलाच. सोडवायची हेल्पलाइन १८००-११-२३५६ पाकिटावर छापलेली असते, ही पोरं पाकीट विकत घेतातच कुठं? शेवटी मीच नंबर दिला. तलफ आली की पाच मिनिटं टाळ, पाणी पी, असं हेल्पलाइनवर सांगितलं म्हणे. सध्या खिशात बडीशेप असते आणि चहा घरूनच पिऊन जातो.

– एक पालक, ठाणे