वहिनीस जाहीर पत्र

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझी परवानगी घेऊनच हे पत्र चारचौघांसमोर ठेवतोय. नावं कुणाचीच लिहीत नाही. घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, एवढं पुरे.

लहानपणी माझ्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मी पहिल्यांदा बोललो ते तुझ्याशी, तिशी उलटल्यावर. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" असं तू विचारलं नाहीस. "मुलग्यांना कुठं असलं होतं?" असंही म्हणाली नाहीस. केंद्र सरकारच्या 2007 सालच्या पाहणीत अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगेच होते, हे मला फार उशिरा कळलं. तू मात्र आकड्यांवाचून विश्वास ठेवलास. "तुझा काही दोष नव्हता. आता तुला काय हवंय ते सांग," एवढंच बोललीस.

मला एकच हवं होतं: चवथीला तो माणूस घरात नको. दर वर्षी तो गणपतीवर फळं-पानं बांधून टांगलेल्या माटोळीसमोर आरतीला उभा राहायचा आणि माझं पोट ढवळून यायचं. घरचे म्हणायचे, हा सणासुदीला तोंड पाडून बसतो. मी सांगितलं तेवढंच तू दादाला आणि बाबांना सांगितलंस आणि त्याचं येणं बंद केलंस. गणपतीच्या दिवसांत नाती तोडतेस म्हणून नातेवाइकांनी तुला बोल लावले. ते तू सोसलेस, पण माझं नाव ओठांवर आणलं नाहीस. आधी माणूस सुरक्षित हवा, आठवणींना हात घालायचा तो त्यानंतर, असं पणजीच्या समुपदेशक बाईंनी पुढे समजावलं. त्यांच्याकडे जाण्याआधीच तू ते केलं होतंस.

मी ओरडलो का नाही, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत आलो होतो. भीती टोकाला गेली की शरीर थिजतं, आणि गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे बाईंकडे उमगलं. जुनं काही अंगावर धावून आलं की पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, समोर दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायचं: खिडकी, पंखा, पाण्याचा तांब्या. त्याने खरंच फरक पडतो. मधले काही महिने मात्र वाईट गेले. आठवणी उघडल्यावर झोप आणखीच बिघडली, कदंबच्या बसमधून अर्ध्या वाटेत उतरून परत आलो. तेव्हा तू "बरं वाटतंय का?" असं विचारत बसली नाहीस. "जेवायला ये," म्हणालीस.

"क्षमा कर, मोकळा होशील," असं एका वडीलधाऱ्याने सांगितलं, तेव्हा तू मध्ये पडलीस. क्षमा करायची की नाही ते याचं हा ठरवील, म्हणालीस. मलाही तसंच वाटतं. पीडिताकडे क्षमेची मागणी करणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे.

गोव्याने 2003 सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. तू 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक माझ्या पुतण्याकडून पाठ करून घेतलास आणि मोठ्यांनाही 'नको' म्हणता येतं, हे त्याला शिकवलंस. माझ्या लहानपणी हे कुणीच केलं नव्हतं.

मी पूर्ण बरा झालोय असं म्हणणार नाही. पण गेल्या चवथीला घुमट हे मातीचं वाद्य घेऊन आरतीला बसलो आणि शेवटपर्यंत वाजवलं. आभार मानलेले तुला आवडत नाहीत, तरी मानतो.

तुझा धाकटा दीर