उरणच्या किनाऱ्यावरचा फलक आणि तेरा नावं

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत हुतात्म्यांना हार घालून आपण भाषण केलं होतं. पिरवाडीच्या किनाऱ्यावर उरणचा खरा इतिहास लिहिलेला फलक लावू, हुतात्म्यांच्या नावांसकट, हा शब्द आपला. माझ्या वडिलांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

परवा फलक लागल्याचं कळलं. आम्ही उलव्याला राहतो. बाबांना लोकलनं उरणला नेलं, पुढे रिक्षा केली. बाबा 66 वर्षांचे आहेत. चष्मा पुसून ते फलकासमोर उभे राहिले आणि एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचू लागले. खाली पोचले, पुन्हा वर गेले. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मला म्हणाले, "पोरांची नावं नाहीत रे."

नाहीत. "निसर्गाच्या कुशीतलं निवांत उरण" असं शीर्षक आहे. पोर्तुगीज आहेत, मराठे आहेत, 1782 च्या सालबाईच्या तहानं करंजा बेट, म्हणजे हेच उरण, इंग्रजांकडे राहिलं तेही आहे. त्यानंतर एकदम 2024 चा अटल सेतू! मधली दोनशे चाळीस वर्षं इथं माणसं राहत नव्हती का?

25 सप्टेंबर 1930 ला उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आठ जण गेले. आगरी, कोळी, कातकरी, कष्टाची माणसं. ते इंग्रजांचं राज्य होतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला कुणाचं होतं? नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले ते जमिनीला योग्य मोल मिळावं म्हणून. जासई-पागोटे भागात आपल्याच पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला द्यायचा, ही योजना त्या रक्तातून आली, कुठल्या मंत्र्याच्या मेहेरबानीतून नाही.

बाबा त्या गर्दीत होते, 24 वर्षांचे. त्यांच्या डाव्या पोटरीत अजून एक छर्रा आहे. कातडीखाली वाटाण्याएवढा लागतो, लहानपणी मी त्यावर बोट ठेवून झोपायचो. थंडी पडली की आई तेल कोमट करून चोळते. आमची दोन खाचरं गेली, बांधावरची चिंच गेली. साडेबारा टक्क्यांचा भूखंड? वारस दाखला द्या, सातबारा द्या, मग साहेब बदलले, मग फाईल सापडत नाही, मग पुन्हा वारस दाखला. शंभर तरी खेपा झाल्या असतील. आजोबा त्याच रांगेत म्हातारे झाले आणि गेले. ज्या पट्ट्यात आमच्या लोकांचं भात पिकत होतं तिथल्या इमारतीत आज आम्ही भाडं भरून राहतो.

आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही. न्हावा-शेवा बंदरासाठी उठवलेल्या हनुमान कोळीवाड्याला जी जागा दिली तिथं वाळवीनं घरं पोखरली. दिबांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून 2021 मध्ये हजारो माणसांना उन्हापावसात साखळी करून उभं राहावं लागलं. मागितल्याशिवाय काही नाही, आणि मागितलं की लाठी! जमीन हवी असते तेव्हा तुमचे अधिकारी ओटीवर येऊन चहा पितात. सही झाली की त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर आम्हाला दिवस काढायला लावतात. सरकारं बदलली, बाक तोच आहे.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं पिरवाडीला येतात. येऊ द्या, भजी खाऊ द्या, पाण्यात खेळू द्या. आमचा त्यांच्यावर राग नाही. पण ती ज्या पुलावरून, ज्या रेल्वेनं येतात ती कुणाच्या शेतांवरून आली हे त्यांना वाचायला मिळायला हवं. त्यानं कुणाची सहल बिघडत नाही. तुमच्या खात्याला ते का टोचतं, हे मला तुमच्याकडून लेखी हवं आहे.

फलक काढा आणि नव्यानं लिहा. चिरनेरचे आठ, 1984 चे पाच. तेरा नावं गावांसकट बाबांनी स्वतःच्या हातानं वहीच्या कागदावर लिहून दिली आहेत, ती सोबत जोडतो. अक्षर थोडं हललं आहे, पण वाचता येतं.

आपला,
एक प्रकल्पग्रस्ताचा मुलगा
उलवे, नवी मुंबई