‘गेम’ म्हटले की संगणक कक्षाला कुलूप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेममुळे खेड्यातली मुले वाया चालल्याची तक्रार करणारी दोन पत्रे गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात वाचली. त्यातली काळजी खरी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईलला चिकटलेली मुले मीही पाहिली आहेत. मात्र खेळ खेळत बसणे आणि खेळाच्या फायली उघडून त्यातल्या पात्राला नवी चाल शिकवणे या दोन गोष्टी आपण एकाच तागडीत टाकतो, आणि त्याचा फटका आमच्या भागातल्या एका होतकरू मुलाला बसला, म्हणून हे पत्र.

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे. माझा एक जुना विद्यार्थी आता महाविद्यालयात शिकतो आणि सुट्टीत घरच्या धानशेतीत राबतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा २००४ सालचा खेळ जुन्या संगणकावरही चालतो, म्हणून तो त्याच्याकडे आहे. (खेळ हाणामारीचा आणि प्रौढांसाठीचा आहे, शाळकरी मुलांच्या हाती तो देऊ नये, याबद्दल माझे दुमत नाही.) या खेळातली माणसे कशी चालतात, धावतात, पडतात, हे सारे आयएफपी नावाच्या फायलींत साठवलेले असते. पात्राच्या सांगाड्यातले प्रत्येक हाड कोणत्या क्षणी किती वळले, याचे निव्वळ आकडे तिथे असतात. एकेका वळणासाठी चार आकडे आणि सोबत वेळेचा एक. या आकड्यांची मांडणी जगभरच्या हौशी चाहत्यांनी चिकाटीने उलगडली आणि त्या फायली वाचणारी, नव्याने लिहिणारी साधने तयार करून फुकट वाटली. पूर्वी अशी साधने ‘थ्रीडीएस मॅक्स’ या महागड्या सॉफ्टवेअरला जोडावी लागत. आता ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय चित्रे आणि हालचाली बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडता येतात, आणि ब्लेंडरला पैसा पडत नाही. मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या जत्रेसाठी, गावात वर्गणी गोळा व्हावी तशी २००२ साली जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत १,००,००० युरो जमवून ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. ब्लेंडरमध्ये केलेल्या ‘फ्लो’ या लाटवियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा हे पोरखेळाचे हत्यार आहे असे कोणी म्हणू नये.

या मुलाने काय केले ते सांगतो. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) पेंडी घेऊन बांधीतून, म्हणजे धानाच्या चिखलभरल्या शेतातून, जाणाऱ्या आपल्या काकांचे त्याने मोबाईलवर चित्रण केले आणि ती चाल खेळातल्या पात्राला द्यायचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात पात्राचा गुडघा बगळ्यासारखा मागे वाकला, कारण हाडाची दिशा उलट धरली गेली होती. दुसऱ्या वेळी पाय बर्फावरून घसरल्यासारखे सरकू लागले. पाऊल जेवढे पडते तेवढेच शरीर पुढे जायला हवे, तो मेळ बसला नव्हता. पुढे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या त्या चालीची पहिली आणि शेवटची स्थिती जुळेना, त्यामुळे दर फेरीला पात्र उचकी लागल्यासारखे दचकत होते. एकदा तर सगळे ठीक असूनही पात्र जुन्याच चालीने चालत राहिले. हालचालीच्या नावातले एक अक्षर चुकले होते, आणि खेळ हालचाल शोधतो ती नावावरूनच. मधूनमधून वीज जाई. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपोआप एक प्रत राखून ठेवते, म्हणून बरे.

पंधरा दिवसांनी त्याने मला बोलावून दाखवले. चिखलातून पाय ओढून काढण्याआधी माणूस क्षणभर थबकतो, टाच आधी सुटते आणि मग बोटे, आणि तेवढ्यात पेंडीचा भार दुसऱ्या कुशीवर जातो. हे सारे त्या परदेशी शहराच्या रस्त्यावर चालणाऱ्या पात्राच्या अंगात उतरले होते. तेवढी थबक कागदावर आणायला मी वर्गातल्या मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आणि फार थोड्यांना ती साधली.

त्याच्या घरचा संगणक अडखळतो, म्हणून त्याने जवळच्या एका शाळेच्या संगणक कक्षात सुट्टीच्या दिवशी ब्लेंडर वापरू देण्याची विनंती केली. मीही सोबत गेलो होतो. सगळे नीट ऐकून घेतले गेले. परंतु बोलण्यात ‘गेम’ हा शब्द आला आणि विषय तिथेच मिटला. त्या कक्षात मूळ खेळ टाकण्याची गरजच नाही, हालचाल ब्लेंडरमध्ये बसवून फाईल घरी नेता येते, हे सांगायला उसंतही मिळाली नाही.

मूळ खेळावरचा आणि त्यातल्या साहित्यावरचा हक्क कंपनीचा आहे, त्यात फेरफार करून ते विकता येत नाही, ही जाणीव मुलांना द्यायलाच हवी आणि या मुलाला ती आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. शाळांनी आणि ग्रामपंचायतींच्या अभ्यासिकांनी आपल्या संगणकांवर ब्लेंडर ठेवावे, आणि ते शिकवण्याची जबाबदारी संगणक शिक्षकासोबत कलाशिक्षकावरही सोपवावी. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, दंडार हे लोकनाट्य आहे, दिवाळीपासून रंगणारी नाटके आहेत; परशुराम खुणे यांच्या रूपाने या रंगभूमीला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हालचालींची एवढी श्रीमंती आणखी कुठे सापडावी?

अडचण भाषेचीही आहे. या साधनांची माहिती बहुतेक इंग्रजीत किंवा रशियनमध्ये मिळते. या मुलाने स्वतःच्या चुकांवरून वहीची अकरा पाने मराठीत लिहून काढली आहेत, उलट्या गुडघ्याच्या चित्रासह. आपल्या पुरवणीत जागा देता आल्यास ती पाठवण्याची त्याची तयारी आहे. जी शाळा कक्ष उघडेल तिथे शनिवारी दुपारी आम्ही दोघेही येऊ. मला फक्त बसची वेळ आधी कळवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली