नागपूरच्या सामन्यांआधी

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री मी ताटावरून उठलो तो तुझ्यावर रागावून नव्हे. पण तसे दिसले खरे, आणि तू नागपूरच्या गाडीत बसेपर्यंत आपण धड बोललोही नाही. "पहिल्या डावात माझ्याकडून एक पायचीत चुकीचे दिले गेले, म्हणून दुसऱ्या डावात तशाच अपिलाला बोट वर केले, फिटंफाट झाली," हे तू सहज म्हणालीस, आणि वर "शेवटी सगळे पंचाच्या मनावरच असते" असेही म्हणालीस. तेव्हापासून मला तेवढेच ऐकू येते आहे.

मनावर नसते, मुक्ता. टप्पा कुठे पडला, चेंडू आधी बॅटला लागला का, पायावर कुठे आदळला, एवढे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. उरलेला प्रश्न न घडलेल्या गोष्टीचा असतो, की पाय आडवा आला नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता का. तिथे अंदाज करावाच लागतो, पण तो त्या चेंडूची उंची, त्याचे वळण, फलंदाज किती पुढे आला होता, यांवरून बांधायचा असतो. मागच्या डावाला त्यात शिरकाव नाही. डीआरएस, म्हणजे पंचाचा निर्णय यंत्राने तपासायची सोय, आल्यावरही ही जागा पंचाकडेच राहिली. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागतो असे यंत्राने दाखवले, तर मैदानावरचा निर्णय कायम राहतो, मग तो बाद असो वा नाबाद. दोन प्रामाणिक पंचांचे मत वेगळे पडू शकते, हे तिथे मान्यच केलेले आहे. १९८६ साली लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीला रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे आपले पंच उभे राहिले, ते मात्र यजमानांच्या पंचांवर पक्षपाताचा संशय राहू नये म्हणून. तुझ्याकडून पक्षपात झाला असे मी म्हणत नाही. तू दोन्ही संघांना सारखे वागवायला गेलीस, पण त्या दुसऱ्या फलंदाजाने तुझ्या पहिल्या चुकीची भरपाई का करावी?

पुन्हा व्याख्यान सुरू झाले, क्षमा कर. पंचांची जी परीक्षा द्यायला मला तीनदा बसावे लागले, ती तू पहिल्या खेपेस उत्तीर्ण झालीस, हे मी अजूनही भेटेल त्याला सांगतो. नेहरू स्टेडियमवर तू माझ्याबरोबर यायचीस आणि कठड्याशी बसून प्रत्येक चेंडूला एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकायचीस. एकदा मी पाचव्याच चेंडूला षटक संपवले, तेव्हा तू उरलेला चिंचोका मला मुकाट्याने दाखवला होतास.

त्याच मैदानावर मीही एकदा भरपाई केली होती, हे तुला आईनेही सांगितले नसेल. एका फलंदाज मुलाचा झेल मला दिसला नाही, म्हणून पुढच्याच षटकात लेग यष्टीच्या बाहेर टप्पा पडलेल्या, म्हणजे पायचीत नसलेल्याच, चेंडूवर त्याच मुलाला पायचीत दिले. तो काही बोलला नाही, फक्त टप्प्याच्या जागेकडे पाहत राहिला आणि हातमोजे काढत निघून गेला. निर्णय चुकतात, आणि झोपही येते. त्या निर्णयानंतर मात्र मला झोप आली नाही.

ताईकडे उतरली आहेस तर तिच्या गुडघ्याचे विचार. माझा चेंडू मोजायचा जुना काउंटर तुझ्या निळ्या पिशवीत, टोपीखाली ठेवला आहे. शनिवारी सामना संपला की फोन कर. एखादे अपील चुकले असेल तर तेही सांग, आणि त्यानंतरच्या अपिलाला तू काय दिलेस, तेवढे मला नक्की सांग.

तुझे,
बाबा