‘ओळखलंस का?’ हा प्रश्न आधी थांबवा

महोदय,

अपघातानंतर स्मृती गेलेल्या मुलीची बातमी बहुतेक वेळा ‘आणि तिने आईला ओळखलं’ इथे संपते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते बिघडवण्यात घरच्यांच्या प्रेमाचाच वाटा मोठा असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेपाशी उभा राहून विचारतो, ‘सांग बघू, मी कोण?’ मेंदूला मार लागलेल्या 15-16 वर्षांच्या मुलीला हा प्रश्न महागात पडतो.

आधी काय गेलंय ते समजून घ्यावं. मार लागल्यावर काही दिवस किंवा आठवडे मेंदू नवं काही साठवतच नाही. मुलगी बोलते, जेवते, हसते. पण सकाळचं दुपारी उरत नाही. हा टप्पा संपला का, हे पाहण्यासाठी गॅल्व्हेस्टन नावाची 100 गुणांची चाचणी 1979 पासून वापरात आहे. त्यात लागोपाठच्या दिवसांत 76 किंवा त्याहून जास्त गुण मिळेपर्यंत फोटो आणि किस्से यांचा मारा करू नये. तोवर शांत खोली, पुरेशी झोप, एका वेळी एकच माणूस आणि भिंतीवर तारीख-वार-ठिकाण लिहिलेली पाटी एवढं पुरे.

अपघाताआधीच्या काळातलं अलीकडचं आधी जातं आणि जुनं टिकतं, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच मांडलं होतं. परत येतानाही साधारणपणे जुनं आधी येतं आणि पोकळी अलीकडच्या बाजूला आकसत जाते. अपघाताचा क्षण आणि त्याच्या आसपासचा थोडा वेळ मात्र बहुधा कधीच परत येत नाही, कारण तो मेंदूत नीट नोंदलाच गेलेला नसतो. तो आठवावा म्हणून पोरीला अपघाताच्या जागी नेणारी मंडळी आहेत; त्याचा उपयोग शून्य. दुसरा फटका बसला की आठवण परत येते, ही सिनेमातली कल्पना तर घातकच. बऱ्या न झालेल्या मेंदूला दुसरा मार जास्त नडतो, म्हणून दुचाकी आणि मैदान डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

आता त्या प्रश्नाकडे. ‘मी कोण?’ म्हटल्यावर मुलगी अंदाज करते, ‘आत्या?’ असतात मावशी. सगळे हसतात आणि दुरुस्त करतात. प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती दुबळी झालेली असते, त्यामुळे दुरुस्ती टिकत नाही. पण तोंडून गेलेलं उत्तर नकळत पक्कं होतं. पुढच्या वेळी पुन्हा ‘आत्या’च येतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं, आणि चूक होऊ न देता शिकवण्याची पद्धत त्यातून रुजली. ती घरी सहज करता येते. आधी उत्तर सांगा: ‘ही मावशी, आईची धाकटी बहीण.’ लगेच विचारा. मग 15 सेकंदांनी, 30 सेकंदांनी, 1 मिनिटाने, मग 2, 4, 8 मिनिटांनी. अडली तर अंदाज करू देऊ नका; उत्तर सांगा आणि आधीच्या अंतरावर परत या. एका बैठकीत दोन-तीनच नावं, बैठक 15 ते 20 मिनिटांची. डोकं जड झालं, चिडचिड सुरू झाली की थांबायचं. तो आळस नाही, दुखावलेला मेंदू लवकर थकतो.

सोबत एक वही हवी. सुटी पानं हरवतात, म्हणून पक्क्या बांधणीची आणि पानांना क्रमांक घातलेली. तिचा सर्वांत उपयोगी भाग माणसांचा: एका पानावर एकच माणूस, अलीकडचा फोटो, नातं, कुठे राहतो, आणि हाक काय मारायची. शेवटचं बहुतेक जण विसरतात. आजोबांना अहो-जाहो आणि आजीला अगं, की दोघांनाही अहो, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. मुलीला ते आठवत नसेल तर ती चारचौघांत उद्धट ठरते आणि मग माणसं टाळू लागते.

वहीतला ‘मी’चा भाग जपून करावा, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आम्ही तीन रंग वापरायला सांगतो. स्वतःला आठवलं ते निळ्याने. कुणी सांगितलं ते हिरव्याने, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. ज्याचा पुरावा आहे, म्हणजे गुणपत्रिका, तारखेचा फोटो, शाळेचं मासिक, ते काळ्याने. हिरवं निळ्यात मिसळू द्यायचं नाही. लॉफ्टस आणि पिक्रेल यांच्या 1995 च्या प्रयोगात, धडधाकट माणसांना लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने दिली, तर 24 जणांपैकी सुमारे चौथा हिस्सा ती पूर्ण किंवा थोडीफार आपलीच मानू लागला. पोकळी असलेल्या मुलीचं काय होईल? शिवाय ‘आपलं जमलं होतं, तुला आठवत नाही का?’ म्हणत येणारा कुणीही तिच्या आयुष्यात शिरू शकतो. हिरव्या शाईची सवय तिथे कामाला येते.

फोनचंही तसंच. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल तर नुसत्या बोटाच्या ठशाने तो उघडत नाही, पिन लागतो. उघडल्यावर जुने संदेश आधी तिने वाचायचे, आई-बाबांनी नव्हे. आणि तीन वर्षांचे एका बैठकीत नाही.

‘तू अशी नव्हतीस’ हे वाक्य दुसरं दुखणं. तिला पुरणपोळी आवडायची म्हणून ताटात वाढत राहणं, ती बडबडी होती म्हणून शांतपणाला आजार समजणं. टोरांटोचा के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रुग्ण 1981 च्या मोटारसायकल अपघातानंतर आयुष्यातला एकही प्रसंग आठवू शकत नव्हता आणि स्वभावाने शांत झाला होता. स्मृतीचे अभ्यासक टल्विंग यांनी त्याला स्वतःचा स्वभाव विचारला, तेव्हा त्याची उत्तरं आईने त्याच्या आताच्या स्वभावाबद्दल दिलेल्या उत्तरांशी जुळली. डोक्याला मार लागलेल्या 18 वर्षांच्या डब्ल्यू. जे. या विद्यार्थिनीचे कॉलेजचे सगळे महिने पुसले गेले होते. तरी त्या काळातल्या स्वतःबद्दल तिने दिलेली उत्तरं स्मृती परतल्यावरच्या उत्तरांशी जुळली. क्लाइन आणि सहकाऱ्यांनी ते 1996 मध्ये छापलं. म्हणजे प्रसंग आठवत नसले तरी ‘मी कशी आहे’ हे माणूस सांगू शकतो. तेव्हा तिलाच विचारा. ‘मला गर्दी चालते’, ‘मी पटकन रागावते’ अशी 30 वाक्यं, हो किंवा नाही, महिन्यातून एकदा, मागचा कागद न दाखवता. आईने वेगळा कागद भरावा, पण आत्ताच्या मुलीबद्दल. दोन्हींत फार तफावत असेल तर ते डॉक्टरांना दाखवावं. कपाळामागच्या भागाला इजा असेल तर स्वतःतला बदल स्वतःला कळत नाही.

हातांची स्मृती बहुधा शाबूत असते. रांगोळी, पेटी, पोळी लाटणं इथून सुरुवात केली तर ‘मला काहीतरी येतं’ हे लवकर हाती लागतं. सायकलचा तोल राहिला म्हणून रस्त्यावर सोडू नये, हे वेगळं सांगायला नको.

क्वचित एखादी मुलगी नवं सगळं शिकते, पण स्वतःचं नावच हरवून बसते आणि तपासण्यांत इजा दिसत नाही. ते नाटक नसतं; मोठ्या मानसिक ताणाने असं होतं. तिला मानसोपचार हवा, उलटतपासणी नको. पहिला सल्ला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मिळतो.

शेवटी शाळा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, पण मेंदूच्या आघातानंतरचं विस्मरण हा वेगळा प्रकार त्यात नाही. मुलगी चालते-बोलते, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र अडतं आणि त्याबरोबर परीक्षेत तासाला 20 मिनिटांचा जादा वेळही. मग ‘फॉर्म नंबर 17 भरून बाहेरून बसवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात शाळा सुटते, म्हणजे तिला ओळखणारा वर्गच सुटतो. राज्य मंडळाने अशा विद्यार्थ्यांसाठी न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या, म्हणजे स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाच्या, लेखी चाचणी अहवालावर सवलत द्यावी, आणि शाळांनी पहिले काही महिने अर्धा दिवस, ठरलेला बाक, एक ठरलेली मैत्रीण आणि फळ्यावरचं छापील द्यावं. यातल्या शाळेच्या गोष्टींना शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.

— मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात काम करणारे दोन थेरपिस्ट, पुणे